हौदातली मेंढरं

यंदाही चैत्र लागला आणि अंगणातल्या कडुलिंबाची फुलं हौदाच्या पाण्यावर पडायला लागली. बारीक, पांढरट, गोडूस वासाची. सकाळी चहाच्या आधी मी जाळीच्या पळीनं ती गोळा करते, तेव्हा खालून लाल-पांढरे मासे तोंड उघडत वर येतात. त्यांना वाटतं खायला आलं. मग सवयीनं मी काचेच्या नळीत हौदाचं पाणी भरते, बाटलीतले थेंब टाकते, अंगठ्यानं तोंड दाबून हलवते आणि नळी उजेडात धरते. रंग पिवळा येतो. पिवळा म्हणजे पाण्यात अमोनिया नाही, मासे सुखात आहेत. आता रोज पिवळाच येतो आणि मी तो नीट बघतही नाही. गेल्या उन्हाळ्यात याच पिवळ्या रंगासाठी माझा जीव टांगणीला लागला होता.

लिंबाचा वास आला की तो सगळा उन्हाळा अंगावर येतो. ओल्या सिमेंटचा वास, तापलेल्या लोखंडी फाटकाचा वास, आणि फाटकाशी उभ्या असलेल्या आईच्या डोक्याच्या खोबरेल तेलाचा.

आई घनसावंगीकडची. धनगराच्या घरात जन्मली, धनगराच्याच घरात दिली. तिची उमर मेंढरांमागं चालण्यात गेली. दिवाळी झाली की निघायचं आणि पाऊसकाळ जवळ आला की परतायचं. मी लहानपणी तिच्या पायांच्या टाचा पाहिल्यात, उन्हात तडकलेल्या काळ्या रानासारख्या. पुढं वडिलांनी मेंढरं विकून थोडी जमीन घेतली, आम्ही शाळा शिकलो, मी रसायनशास्त्र शिकवायला लागले, धाकटा भाऊ बाळू ऊस लावायला लागला. वडील गेले. आणि मग आईचं विसरणं सुरू झालं. आधी भांडी कुठं ठेवली ते विसरली, मग नातवंडांची नावं, मग वडील गेल्याचं. एकच गोष्ट तिच्या अंगातून गेली नाही, ती म्हणजे चालणं. रोज सकाळी ती उठायची, पदर खोचायची आणि निघायची. एकदा गोदावरीच्या पात्रात सापडली, एकदा उसात.

बाळू तिला घेऊन आला तेव्हा ओट्यावर बसून त्यानं बराच वेळ पाणीच प्यायलं.

"आक्का, मला रानात जावं लागतं," तो म्हणाला. "उसात शिरलेलं माणूस दिसत न्हाई. कोणत्या दिवशी हिला काय झालं तं मी काय करू? तुझ्या घराला कंपाउंड तरी हाय."

आमच्या घराला कंपाउंड होतं, हे खरं. आणि फाटकाला कुलूपही.

जालन्याच्या या नव्या वस्तीत सगळी घरं एका साच्यातली. पुढं अंगणाचा तुकडा, एखादं झाड, लोखंडी फाटक. आई सकाळपासून त्या फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरून उभी राहायची. रस्त्यानं जाणाऱ्या प्रत्येकाला हाक मारायची. "ए भाऊ, दार उघड नं. मेंढरं वाट पाहून राह्यली माझी." एमआयडीसीतून सुटलेले कामगार मोटारसायकली हळू करून बघायचे आणि मान खाली घालून पुढं जायचे. दुपारी गज इतके तापायचे की हात लावला तर चटका बसावा. तिच्या तळव्यांना फोड आले, तरी ती गज सोडेना. शेवटी मी एक जुनी सुती साडी फाडली आणि तिच्या हाताच्या उंचीवर गजांना चिंध्या गुंडाळल्या. दर थोड्या वेळानं त्या भिजवायच्या. कुलूप काढता येत नव्हतं, म्हणून गज गार करत होते.

मला कॉलेजची उन्हाळी सुट्टी होती. त्या सुट्टीत मी फाटकाबाहेर क्वचितच पडले. दूध घरी यायचं, भाजीची गाडी दाराशी यायची. माझे मिस्टर सुरेश बियाणांच्या एका प्लांटमध्ये सुपरवायझर. ते सकाळी फाटक उघडून बाहेर पडायचे, तेवढ्या क्षणात आई फटीतून निसटू नये म्हणून मी तिला मागून कवळा घालून धरायची. तिच्या अंगात त्या वेळी कुठून बळ यायचं, कोण जाणे. मग कुलूप लागायचं, गाडीचा आवाज लांब जायचा आणि आम्ही दोघी आत उरायचो.

जूनमध्ये कॉलेज सुरू होणार होतं. आईजवळ थांबायला कुणीतरी मिळणं भाग होतं. दोन बाया येऊन गेल्या, टिकली एकही नाही. दुसरी जाताना म्हणाली, "मॅडम, कामाचं काही न्हाई वो. पण म्हातारी दिवसभर माझ्या पाया पडती, दार उघड म्हणती. मला पाप केल्यावाणी वाटतं." तिसरी नाही टिकली तर नोकरी सोडायची, हे सुरेश आणि मी दोघांनाही ठाऊक होतं.

हौद सुचला तो दाताच्या दवाखान्यात. आईची दाढ दाखवायला नेलं होतं. तिथं काचेच्या पेटीत चार मासे होते. एरवी खुर्चीत न टेकणारी आई त्या पेटीसमोर बसली ती नंबर येईपर्यंत उठली नाही. सुरेशनी माझ्याकडं बघितलं, मी त्यांच्याकडं. पुढच्याच आठवड्यात गवंडी आला आणि लिंबाच्या झाडापासून थोडं अलीकडं, गुलाबाच्या वाफ्याच्या जागी, मांडीइतक्या उंच कठड्याचा सिमेंटचा हौद उभा राहिला. कठडा उंच, म्हणजे आई आत पडणार नाही. शेजारी खुर्ची.

नवा सिमेंटचा हौद म्हणजे माशांसाठी विषाचं भांडं, हे मला पुस्तकातून माहीत होतं. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो. पहिल्यांदा पाणी भरून पीएच तपासायची पट्टी बुडवली तर ती गडद निळी झाली, धुण्याच्या सोड्यात बुडवावी तशी. पाणी काढलं. भिंती व्हिनेगारनं घासल्या, धुतल्या, पुन्हा भरलं. पुन्हा निळी. काढलेलं पाणी झाडांना आणि फरशी धुवायला, तरी मनाला लागायचंच. आमच्याकडं नळाला पाणी कधी येईल याचा नेम नाही, बोअर उन्हाळ्यात धापा टाकतं. शेजारच्या वहिनी भिंतीवरून म्हणाल्या, "माणसाला पाणी न्हाई अन् तुमी मासे पाळून राह्यल्या का मंदाताई?" त्यांचं चूक नव्हतं. आई त्या वेळी फाटकाशी होती, तेच उत्तर होतं.

अखेर पट्टीचा निळा उतरला. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मारायला कॉलेजच्या प्रयोगशाळेत वापरतो तेच हायपोचे खडे आणून पाण्यात विरघळवले. लहान पंप बसवला, बादलीत स्पंज आणि खडी घालून गाळणी केली. आणि एका संध्याकाळी सुरेशनी पिशवीतले मासे हौदात सोडले.

आई फाटक सोडून आली. कठड्यावर हात ठेवून वाकली.

"अगं बया," ती म्हणाली. "एवढी कुठून आणली?"

"तुझ्यासाठी आणली."

"कोकरंच हायेत अजून." ती खुर्चीत बसली. "पाण्यावर आली वाटतं."

त्या दिवसापासून मासे तिची मेंढरं झाली. बगळ्यांपासून आणि उन्हापासून राखण म्हणून मी हौदावर हिरवी जाळी बांधली, तर ती फार खूश झाली. मेंढरं रात्री जाळीच्या कुंपणात बसवतात, तिला ती जाळी तीच वाटली. "आता बराबर," म्हणाली. "आता लांडग्याचं भ्याव न्हाई." फाटकावरच्या चिंध्या पहिल्यांदा वाळल्या. कौसाबाई म्हणून एक बाई यायला लागली. आईच्या शेजारी बसून ती लसूण सोलायची आणि आई तिला मेंढरांची नावं सांगायची. मी घरात बसून वर्तमानपत्र वाचलं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. एवढंसं सुख, पण अजून आठवतं.

मग आई त्यांना चारायला लागली.

आधी घास-घास, मग अर्धी भाकरी. मग भाकरी हातात दिली नाही तर ती स्वयंपाकघरात जाऊन घ्यायची, कालवलेला भातसुद्धा पदरात घालून आणायची. सगळं पाण्यात. मासे थोडं खायचे, बाकीचं तळाशी जाऊन कुजायचं. कुजलेल्यातून अमोनिया निघतो, माशांच्या विष्ठेतूनही निघतो. जुन्या तळ्यात हा अमोनिया खाणारे जिवाणू दगडांवर, मातीवर वस्तीला असतात. नव्या हौदात ते नसतात, त्यांना यायला आणि वाढायला काही आठवडे लागतात. तोवर पाणी दिसतं स्वच्छ, असतं विषारी. त्यात आमचं पाणी जड, आणि उन्हानं तापलेलं. असल्या पाण्यात थोडा अमोनियाही दुप्पट बाधतो. हे सगळं मी वर्गात शिकवू शकले असते. माझ्या हातातली नळी मात्र रोज अधिकच हिरवी होत होती.

मासे पंपाच्या धारेखाली गोळा होऊन वर तोंड करून धापा टाकायला लागले. पहिला मेला तेव्हा आई झोपली होती. मी तो उचलला आणि लिंबाखाली पुरला. दुसरा तिच्यादेखत वर आला, आडवा.

"रोग पडला," आई हळूच म्हणाली. तिचा चेहरा अगदी शहाण्या माणसाचा झाला. "उपाशी हायेत बिचारी. अजून चारा टाका."

मी तिच्या हातातली भाकरी काढून घेतली. ती उठली आणि सरळ फाटकाशी गेली.

पुढचे दिवस असेच. भाकरी काढली की फाटक, फाटक सोडवायचं तर भाकरी. मी सकाळी हौदातलं तिसरा हिस्सा पाणी काढायची, ड्रममध्ये मुरवलेलं पाणी घालायची, नळीत थेंब टाकायची. दुपारी पुन्हा थेंब. हिरवा. टँकर मागवला तर तो दोन दिवसांनी यायचा. अंगण तापलेलं, घर तापलेलं, पंख्यातून येणारी हवा तापलेली. आईचं एकसुरी "दार उघड, दार उघड" कानात इतकं भरलं होतं की ती झोपली तरी ऐकू यायचं. एका दुपारी मला वाटलं, आपणही गज धरून ओरडावं. कुणाला हाक मारली असती, ते मात्र सुचलं नाही. कौसाबाई म्हणाली, "ताई, मासे मेले तं मी यायची न्हाई बरं का. आजी मंग आवरायची न्हाई मला." ती स्पष्ट बोलली ते बरं झालं.

भाकरीवरचा उपाय ज्वारीच्या लाह्यांनी दिला. लाही तरंगते, बुडत नाही. मी वाटीत मोजक्या लाह्या देऊ लागले. आई त्या एकेक करून टाकायची, त्यात तिचा बराच वेळ जायचा. ती जेवायला आत गेली की उरलेल्या मी जाळीच्या पळीनं काढून घ्यायची. जिवाणूंसाठी मात्र जुनं पाणी, जुने दगड हवे होते. मी बाळूला फोन केला. त्याच्या शेततळ्यात कितीतरी वर्षं मासे आहेत.

"दगड?" तो म्हणाला. "आक्का, नुसते शेवाळलेले दगड?"

"हो, तेच. धुवू नकोस, वाळू देऊ नकोस. आम्हीच येतो. आईलाही आणते."

आईला न्यायचं हे मी बोलून गेले आणि मग त्यावरच विचार करत राहिले. आल्यापासून ती "दार उघड"च्या जोडीला "घरी न्या" म्हणत होती. तिचं घर ते. निदान एक दिवस तरी तिला तिथं मोकळं सोडू, रानात, कुलूप नसलेल्या ठिकाणी.

सुरेशच्या सुट्टीच्या दिवशी पहाटेच निघालो. कापसाची रानं नांगरून पडली होती, घनसावंगीच्या पुढं ऊस हिरवागार. आई खिडकीला तोंड लावून बसली होती. मला वाटलं, ओळखतेय. शेतावर उतरलो तेव्हा बाळू आणि त्याची बायको धावत आले. बांधाला चुलत्यांची मेंढरं बसली होती, त्यांचा वास वाऱ्यावर येत होता. मी आईचा हात सोडला. मुद्दाम सोडला.

ती चालली नाही. बाभळीखालच्या बाजेवर बसली, पदर नीट केला, मेंढरांकडं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "चला आता. घरी जाऊ."

बाळू तिच्यासमोर उकिडवा बसला. "माय, हेच घर हाय तुझं. हे पाह्य, ते आपलं खोपट. तू लावलेली बाभळ."

"न्हाई बाप्पा," आई समजुतीनं म्हणाली, जणू तोच वाट चुकला होता. "हे लोकायचं हाय. आपलं लांब हाय."

बाळू उठला आणि तळ्याकडं निघाला. मी त्याच्यामागं गेले. आम्ही दोघं गुडघाभर पाण्यात उतरून काठचे दगड काढत राहिलो, हिरवे, बुळबुळीत, हातातून सटकणारे. एक दगड काठावर ठेवत तो म्हणाला, "आक्का, मला वाटलं व्हतं तुझ्याकडं तिचं मन लागत न्हाई, म्हणून ती हिकडची आठवण काढती."

"मलाही तसंच वाटत होतं रे."

"मंग ती कोणतं घर म्हणती?"

मी दगड गोणपाटात ठेवला. त्या क्षणी मला कळलं की आमच्या फाटकाचं कुलूप काढून फेकलं असतं तरी आई सुटली नसती. ती जिथं जायला निघायची ते गाव आता कुठल्याच रस्त्यावर नव्हतं. मला हलकं वाटायला हवं होतं, कारण तिला अडकवलं होतं ते माझ्या कुलपानं नव्हे. हलकं वाटलं नाही. ती कुठंही असली तरी आतच होती, आणि तिथं माझ्याकडची कुठलीच किल्ली चालत नव्हती.

परतीच्या वाटेवर ओल्या गोणपाटातले दगड माझ्या पायाशी होते. मी बाटलीनं त्यांच्यावर पाणी शिंपडत होते आणि आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली होती. पार जालना येईपर्यंत.

दगड आणल्यावर अर्धे गाळणीच्या बादलीत घातले. उरलेले हौदाच्या पायथ्याशी पाण्याच्या घमेल्यात ठेवले, दुसऱ्या दिवशी तळाला रचायला. दुसऱ्या दिवशी दुपारी माझा डोळा लागला. कौसाबाई मागं कपडे वाळत घालत होती. खसखस आवाजानं जाग आली. बाहेर आले तर आई पदर खोचून घमेल्यापाशी बसलेली. हातात काथ्या आणि भांड्यांची पावडर. एकेक दगड घासून लख्ख करून ओळीनं मांडत होती.

"किती घाण करून ठेवली होती," मला बघून म्हणाली. "आता पाह्य कसे निघालेत."

घनसावंगीहून जपून आणलेली जिवाणूंची अर्धी वस्ती तिनं गटारीत धुवून टाकली होती. मी पायरीवर बसले आणि हसायला लागले. हसता हसता रडायला लागले. आई काथ्या टाकून जवळ आली, साबणाच्या ओल्या हातानं माझं तोंड पुसलं. "उगी उगी. व्हतं असं," म्हणाली. तिला मी कोण ते ठाऊक नव्हतं. पण रडणाऱ्याला कसं उगी करायचं ते ती विसरली नव्हती.

बादलीतले अर्धे दगड वाचले होते. तेवढ्यांनी काम केलं. आधी अमोनिया उतरायला लागला, तसं दुसरं विष वर आलं. अमोनिया खाल्ल्यावर जिवाणू आधी नायट्राइट बनवतात, त्याच्या नळीचा रंग जांभळा-गुलाबी. त्यानं माशांच्या रक्तात प्राणवायू टिकत नाही. खडे मीठ विरघळवून पाण्यात घातलं की ते थोडं सुसह्य होतं. मीठ घातलं, पाणी बदललं, लाह्या मोजल्या, वाट पाहिली. जाळीवर ऊन वाढत गेलं, लिंबाला निंबोळ्या लागल्या. वाट पाहण्याशिवाय हातात काही नसतं, हे रसायनशास्त्र शिकवताना मी मुलांना कधीच सांगितलं नव्हतं. मग एका सकाळी गुलाबी फिका झाला. नंतर एका सकाळी अमोनियाची नळी पिवळी आली आणि दुसरीत गुलाबी उरला नाही. मी त्या खिडकीत शेजारी शेजारी उभ्या केल्या आणि सुरेशना हाक मारली. ते दाढीचा फेस तोंडावर तसाच ठेवून आले आणि बराच वेळ बघत राहिले, जणू काही लग्नाचा फोटो आहे.

जितके मासे उरले तितके आजही आहेत. आई मात्र आता हौदापाशी येत नाही. थंडीत ती अंथरुणाला खिळली. आतल्या खोलीत भिंतीकडं तोंड करून पडून असते, कुठंच जायचं म्हणत नाही. कौसाबाई तिचं सगळं करते. मी कधीकधी वाटीत लाह्या घेऊन तिच्या हातात देते, ती बोटांनी त्या चाचपते आणि तशीच धरून ठेवते. फाटकाशी उभं राहून तिनं एकदा ओरडावं, असं या दिवसांत मनात येतं. मग त्या उन्हाळ्यात मी देवाकडं नेमकं उलटं मागत होते, हेही आठवतं.

पण मला सांगायचंय ते जूनच्या त्या सकाळचं, कॉलेज उघडलं त्या दिवसाचं. मी साडी नेसून, पर्स घेऊन अंगणात आले. आई खुर्चीत होती, मांडीवर लाह्यांची वाटी, शेजारी कौसाबाई. मासे जाळीखाली संथ फिरत होते. जाताना सांगावं की नाही, मला कळेना. सांगितलं तर उठेल, फाटकाकडं धावेल. मी तशीच उभी राहिले.

आईनं वर बघितलं. परक्या पाहुणीकडं बघावं तसं, आदबीनं.

"तुमी कुठं जायच्या बाई?"

"कामाला," मी म्हणाले.

"मंग जा की. काऊन उभ्या राह्यल्या?" तिनं एक लाही पाण्यात टाकली. "मी हाय हितं मेंढरापाशी. तुमी बिनघोर जा."

मी कुलूप काढून बाहेर आले, कौसाबाईनं ते मागून लावून घेतलं. कोपऱ्यापर्यंत चालत गेले. एक रिक्षा थांबली, रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून विचारलं, "कुठं सोडू मॅडम?"

आणि मला क्षणभर काही केल्या उत्तर सुचेना.